अकराव्या पेटीचा दम

१

सकाळी दुकान उघडलं की मी देवाला उदबत्ती लावतो आणि मग पेट्यांचा दम बघतो. पेटी म्हणजे आपली हार्मोनियम. भाता चार-पाच वेळा मारायचा, हात काढून घ्यायचा, एक पट्टी दाबून धरायची आणि मनात आकडे मोजायचे. आत साठलेली हवा सरते तसा सूर बारीक होतो आणि विझतो. बरी पेटी आठ-दहापर्यंत जाते, चांगली पंधरापर्यंत. घाटकोपरच्या या दुकानात छत्तीस वर्षांत माझ्या हातची एकच पेटी वीसपर्यंत गेली होती. ती भांडुपच्या एका भजनी बुवांनी आठवड्यात परत आणून दिली, कारण तिचा रंग मंडळाच्या सदऱ्यांना शोभत नव्हता. गिऱ्हाईक असंच असतं. कानाने घ्यायची वस्तू डोळ्यांनी घेतं.

मी हे कुठे शिकलो नाही. वडील गिरणीत होते. चाळीतल्या मंडळाची पेटी मी नवव्या वर्षी उघडली, परत जोडता आली नाही म्हणून मार खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी जोडली. तेवढंच माझं शिक्षण. पण लाकूड, कातडं आणि पितळ विकतो असं मी कधी म्हणत नाही. मी हवा विकतो. हवा किती मावते, कुठून शिरते, किती वेळात संपते, हे तुळशीदास कांबळीला कळतं अशी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ख्याती होती. मलाही तसंच वाटत होतं, गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत.

२

जानेवारीत सुहासिनी राऊळ दुकानात आल्या. एकसष्ट वर्षांच्या, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तुळशीशेठ, मला अकरा पेट्या हव्यात. तीन महिन्यांसाठी. आणि प्रत्येकीचा दम किती, ते कागदावर लिहून हवं."

छत्तीस वर्षांत दम विचारणारं ते पहिलं गिऱ्हाईक. मी चहा मागवला.

बाईंची हकीकत मला तुकड्यातुकड्याने कळली. वडील आमच्यासारखेच मालवणकडचे, गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड कांजूरमार्गला. बाई अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये बावीस वर्षं नकलनवीस होत्या: सिनेमाच्या पार्श्वसंगीताची स्वरलिपी प्रत्येक वादकासाठी हाताने उतरवून द्यायची. दुसऱ्यांचं संगीत उतरवता उतरवता त्या स्वतः लिहायला शिकल्या. गाणी नव्हेत, मोठ्या वाद्यवृंदाच्या, तासाभराच्या रचना. त्या परदेशातल्या चार-पाच शहरांत वाजल्या, तिथल्या पेपरांत फोटो आले. इथे मात्र मुलुंडच्या त्यांच्या इमारतीत शेजाऱ्यांना वाटायचं, बाई गाण्याच्या शिकवण्या घेतात. इथल्या आयोजकांनी त्यांना तीस वर्षं एकच उत्तर दिलं होतं: हे ऐकणार कोण?

आता त्यांनी कुणाला विचारायचंच बंद केलं होतं. विक्रोळीत एका जुन्या कंपनीच्या वसाहतीतलं बंद पडलेलं कॅन्टीन त्यांनी मिळवलं होतं, पहिल्या मजल्यावरचं. अकरा पेटीवाले जमवले होते, सगळे भजनी मंडळांतले बुवा आणि शाळांतले संगीतशिक्षक. स्वतःची सोपी लिपी काढून त्यांना शिकवायची होती. एप्रिलचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. त्यांची रचना त्यांच्या स्वतःच्या शहरात पहिल्यांदा वाजणार होती.

"शेवटचं पान बघा," त्या म्हणाल्या.

त्या पानावर ठोके नव्हते, मात्रा नव्हत्या. एकच ओळ होती: दम संपेपर्यंत. अकराही जणांनी एकेक पट्टी दाबायची, भात्यावरचा हात काढायचा आणि थांबायचं. पेट्या आपापल्या दमाने एकेक करून विझणार. शेवटची विझेपर्यंत बाई हात वर करून उभ्या राहणार.

"शेवटची पेटी तुम्ही निवडा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत उशिरा विझणारी."

व्यापाऱ्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "बाई, अशी देतो की तुमचे हात भरून येतील."

३

ती पेटी मी डिसेंबरात विक्रोळीच्याच एका भजनी मंडळाकडून घेतली होती. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली, मंडळ पांगलं. साधी, सागवानी, एका कोपऱ्यात चीर. दुकानात तिने बावीसपर्यंत दम धरला. मी दोनदा मोजलं आणि खूश झालो.

तालीम दुपारी तीन ते पाच असायची, बुवा लोक त्याच वेळी मोकळे. सूर हलले तर लावायला मी सोबत असायचो. लांबलचक खोली, पांढऱ्या फरशा, भिंतीला अजून 'ताटे येथे ठेवावीत' अशी पाटी. खिडक्यांतून खारफुटी दिसायची. पंखे बाई बंद करायला लावायच्या, कारण पंख्यांचा आवाज शेवटच्या पानाला चालत नाही.

अकरावी पेटी भिंतीलगत, सुबोध म्हात्रे नावाच्या बुवाकडे होती. चाळिशीचा, कांजूरचा, तोंडाने वाजणारा आणि बोटांनीही. पहिल्यांदा शेवटचं पान वाजलं तेव्हा दहा पेट्या सतरापर्यंत विझल्या. अकरावी चालू राहिली. मी सवयीने मोजत होतो. बावीस. पंचवीस. एकतीसला विझली.

"शेठ, झकास माल दिलात यार," सुबोध हात झटकत म्हणाला. "हिला सांभाळायला दुसरी बायको करावी लागेल."

सगळे हसले. मी पण हसलो. खोली बंद होती, हवा जड होती, मोजण्यात घाई झाली असेल.

पुढच्या आठवड्यात ती अठ्ठेचाळीसपर्यंत गेली.

हवेचा हिशोब सरळ असतो. भात्यात जेवढी मावते तेवढीच बाहेर येते. सूर कितीही बारीक लावा, बावीसच्या जागी अठ्ठेचाळीस होत नाहीत. मी पेटी दुकानात आणली, भाता मारला, मोजलं. बावीस. परत मोजलं. बावीस. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्रेपन्न.

४

मग मी ती उघडली.

पेटीच्या आत पितळेच्या लहान पात्या असतात, धंद्यात त्यांना सूरच म्हणतात. हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात. मी झाकण काढलं, फळी उचलली आणि दिव्याखाली धरली. मधल्या सप्तकातल्या एका सुराला हिरवट कळंक चढला होता. चिंच न लावलेल्या तांब्याला चढतो तसा. तोच सूर, जो सुबोध शेवटच्या पानावर धरायचा.

यात काय, असं तुम्ही म्हणाल. पितळ आहे, कळंकणारच. पण पेटीतला सूर कधी असा कळंकत नाही. त्याच्यावरून जाते ती खोलीतली कोरडी हवा. असा कळंक मी आयुष्यभर फक्त माउथ ऑर्गनमध्ये पाहिला आहे. तो तोंडाने वाजवतात, लाळेची वाफ लागते. दुरुस्तीला येणारा प्रत्येक माउथ ऑर्गन आतून असाच हिरवा असतो.

मी सूर पुसला. फडकं नाकाशी नेलं. सकाळी दात घासायच्या आधी आपल्याच तळहातावर श्वास सोडून बघावा, तसा वास.

माणूस अशा वेळी गोष्ट शोधतो. मीही शोधली. मंडळाच्या तीन माणसांना गाठून विचारलं, ही पेटी कुणाची, कोण वाजवायचं, कुणाचं काही झालं का. काही नाही. वीस वर्षं वाजली, गणपतीत वाजली, सगळे धडधाकट. एकाने उलट विचारलं, "का शेठ, काही खराबी निघाली का?" मी नाही म्हटलं. खराबी नव्हतीच. खराब पेटी लवकर विझते.

५

फेब्रुवारी संपताना मी पतंगाचा कागद घेऊन गेलो. भात्याच्या पाठीला हवा आत घ्यायची भोकं असतात. त्यांच्यावर तलम कागद टेकवला की गळती कळते. धंद्यातली साधी युक्ती आहे. खाडीकडून वारा येत असेल म्हणून आधी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

बाईंनी शेवटचं पान सुरू केलं. सुबोधने भात्यावरचा हात काढला. मी पेटीजवळ बसून कागद भोकांवर धरला आणि सोडला.

तो पडला नाही. भोकांना चिकटला. थोड्या वेळाने सैल झाला, मग परत चिकटला. भाता मिटलेला होता, जागचा हलत नव्हता. तरी कागद आत ओढला जायचा आणि सुटायचा, आत आणि सुटायचा. त्याला लय होती. अशी लय मी कुठेतरी पाहतोय असं वाटलं आणि मान वर केली.

समोर बाई हात वर करून उभ्या होत्या. त्यांची छाती उलटी चालली होती. कागद आत गेला की त्यांची छाती खाली बसायची. कागद सुटला की त्यांना जेमतेम थोडा श्वास मिळायचा.

सत्तरला सूर विझला. बाईंनी हात खाली घेतले, खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाल्या, "सुंदर. उद्या परत."

त्या दिवशी मी जिन्याकडे लक्ष दिलं. चौतीस पायऱ्या. जानेवारीत बाई त्या बोलत बोलत चढायच्या. आता मधल्या वळणावर थांबत होत्या आणि पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत होत्या.

मी स्वतःला सांगितलं, वय आहे, कांजूरच्या कचऱ्याचा धूर आहे, तीस वर्षांची दगदग आहे. त्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एक्सरे स्वच्छ होता.

६

मार्चच्या मध्याला सुबोधचा धीर सुटला. सूर ऐंशीच्या पुढे गेला होता, खोलीत कुणी हलत नव्हतं, आणि त्याने पट्टीवरचं बोट झटकन उचललं.

सूर तुटला. बाई वाकल्या. पोटात गुद्दा बसावा तशा दुमडल्या, खोकू लागल्या आणि गुडघ्यांवर आल्या. आतून काहीतरी ओढून अर्ध्यावर तोडावं, तसा तो खोकला होता. दहा मिनिटं त्यांना बोलता येईना.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाई, ही पेटी मी परत नेतो. झडप खराब आहे. हिच्या तोडीची दुसरी देतो."

त्या पाणी प्यायल्या. "शेठ, बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्यात. खोटा सूर मला लांबून कळतो."

"मग तुम्हाला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की हा शेवट मी तीस वर्षं डोक्यात ऐकतेय. तो पहिल्यांदा बाहेर ऐकू आला."

तरी मी दुसरी पेटी आणली. माझ्या मानाने उत्तम, अठरा दमाची. त्यांनी नकार दिला नाही, वाजवून बघितली. अठराला ती विझली आणि खोलीत नुसती शांतता राहिली, शेवटची गाडी गेल्यावर तालुक्याच्या एसटी स्टँडवर असते तशी. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्वतः उठून भिंतीलगतची पेटी उचलायला गेल्या, चार पावलांत धाप लागली, मग सुबोधने ती उचलून जागेवर ठेवली.

मी हात जोडले. मालवणी आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो, त्या दिवशी त्या बोलल्या.

"माका मराचा नाय हा, शेठ. माका ह्यां पुरा करूचा हा."

हट्टी गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे मी धंद्यात फार लवकर शिकलो. त्याला हवं ते द्यावं आणि त्यात त्याचं नुकसान कसं होणार नाही ते आपण बघावं. मी घरी गेलो आणि तीन आठवडे तेच बघत राहिलो.

७

एप्रिलचा दुसरा रविवार. कॅन्टीन भरलं होतं. भजनी मंडळं आली होती, मुलुंडचे शेजारी आले होते, दोन परदेशी पाहुणे पुढच्या रांगेत घाम पुसत होते. पंखे बंद. ऊन खिडक्यांतून तिरपं आत आलेलं.

रचनेबद्दल मी काय सांगू. मला शास्त्र कळत नाही. एवढं सांगतो की अकरा पेट्या एकत्र श्वास घेतात तेव्हा खोलीच्या भिंती जवळ येऊन परत लांब जातात असं वाटतं. पन्नास मिनिटं कुणी खोकलं नाही.

मग शेवटचं पान. मी हत्यारांची पिशवी घेऊन अकराव्या पेटीच्या बाजूला, भिंतीशी बसलो होतो.

सातला पहिली विझली. नऊला दोन. बारा, तेरा, पंधरा. सतरानंतर एकटी अकरावी उरली. चाळीस. साठ. लोकांना वाटलं असेल काय ही करामत. नव्वदला बाईंचे ओठ निळसर दिसू लागले. हात वरच होते. एकशे दहाला मी सुबोधकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

पट्टी खालीच होती. दाबलेली.

आमच्या मंडळांत अखंड भजनाची एक रीत आहे. चोवीस तास पेटी थांबता कामा नये. म्हणून पेटीवाला बदलतो तेव्हा नवा माणूस जुन्याच्या शेजारी येऊन बसतो, त्याने हात काढायच्या आधीच भात्यावर आपला हात ठेवतो, आणि दोघं मिळून एक-दोन भाते मारतात. मग पहिला उठतो. सूर तुटत नाही. ऐकणाऱ्याला बदली कळतही नाही. तीन आठवडे विचार करून मला एवढंच सुचलं होतं. आधी करून बघायची सोय नव्हती. हा माल एकदा दिला की परत येतो की नाही, ते मला माहीत नव्हतं. घाबरलो नव्हतो असं नाही. ठरवलं होतं.

मी पुढे सरकलो, काहीतरी दुरुस्त करतोय असा आव आणला, भात्याच्या भोकांना तोंड लावलं आणि पोटापासून श्वास सोडला.

आधी काही झालं नाही. कातड्याची झडप आतल्या बाजूला उघडली, एवढं जाणवलं. मग पलीकडून, अंधारातून, माझ्या ओठांच्या अगदी समोर काहीतरी येऊन टेकलं. ऊबदार होतं. ओलसर होतं. क्षणभर ते चाचपडलं, तान्हं मूल चाचपडतं तसं, आणि मग त्याला सापडलं.

त्यानंतर मला सोडावं लागलं नाही. घेतलं गेलं.

त्या काळ्या भोकांच्या वरून मला बाई दिसत होत्या. त्यांची छाती फुगली. भरपूर, खोल, खांदे मागे जातील इतकी. रंग परतला. सूर तसाच चालू होता, कुठेही हिसका नाही. मग तो आपणहून बारीक होत गेला, पट्टी हळूच वर आली, आणि बाईंनी हात खाली घेतले.

टाळ्या किती वेळ वाजल्या मला माहीत नाही. सुबोधने मला काखेत धरून बसतं केलं. नंतर बाई चौतीस पायऱ्या पाहुण्यांशी बोलत बोलत उतरल्या, एकदाही न थांबता. मी तिसऱ्या पायरीवर बसलो.

८

आता बाईंचं नाव पेपरात येतं. ती रचना बाहेर चार शहरांत वाजली, दर वेळी तीच पेटी गेली, सुबोधही गेला. बाईंची तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांच्या औषधाने गुण आला असं त्या सगळ्यांना सांगतात. मी दुजोरा देतो. त्यांना सांगितलं तर त्या पेटी थांबवतील, आणि त्यांनी ती थांबवावी असं मला वाटत नाही. सुबोधला काय कळलंय ते त्याने मला विचारलं नाही, मीही त्याला विचारलं नाही.

प्रयोग असला की मला आधी कळवा, असं मी बाईंना सांगून ठेवलंय. त्यांना वाटतं शेठला कौतुक आहे. मी वेळ कागदावर लिहून घेतो, आपल्याकडे किती वाजले असतील ते काढतो, आणि त्या वेळी खुर्चीत बसून राहतो. नोव्हेंबरात एकदा समोर गिऱ्हाईक होतं, काळबादेवीला रंगीत पेटी स्वस्त मिळते म्हणून हुज्जत घालत होतं. मी हाताने थांब अशी खूण केली, काउंटर धरला आणि मोजलं. एकशे चोवीस. गिऱ्हाईक पळत जाऊन पाणी घेऊन आलं. बिचाऱ्याने पुढे घासाघीस केली नाही.

बायको, चंपा, मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्सरे स्वच्छ आहे. वय आहे म्हणाले.

गेल्या सोमवारी बाईंचा फोन आला. आवाज तरण्या मुलीसारखा. नवी रचना झाली होती, याहून मोठी. जूनमध्ये पहिला प्रयोग, इथेच, मुलुंडला, मोठ्या नाट्यगृहात. तीस वर्षं नाही म्हणणारे आयोजक या वेळी स्वतः आले होते.

"शेठ, शेवट आधीच्यापेक्षा लांब आहे. चार मिनिटांचा. जमेल ना पेटीला?"

चंपा आतून चहा घेऊन आली होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"जमेल," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज दुपारी शटर अर्धं ओढून घेतो, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसतो आणि श्वास धरून ठेवायचा सराव करतो. काल दोन मिनिटं दहापर्यंत पोचलो. जूनला अजून अकरा आठवडे आहेत.